प्रोटॉन–अणुकेंद्र विक्रियांचे मापन

प्रोटॉन–अणुकेंद्र विक्रियांचे मापन ही अणुकेंद्रीय भौतिकीतील एक प्रायोगिक शाखा होय. ठरावीक ऊर्जेचे प्रोटॉन एखाद्या मूलद्रव्याच्या अणुकेंद्रांवर आदळवले असता कोणत्या विक्रिया घडतात, त्या किती प्रमाणात घडतात, त्यांतून कोणते कण व किरण कोणत्या दिशेने बाहेर पडतात आणि शेवटी कोणते अणुकेंद्र मागे उरते, यांचा संख्यात्मक शोध या शाखेत घेतला जातो. कर्करोगनिदानासाठी लागणाऱ्या किरणोत्सर्गी औषधांची निर्मिती, प्रोटॉन उपचारपद्धती, थोरियमवर आधारित अणुऊर्जेचे नियोजन, ताऱ्यांतील ऊर्जानिर्मितीचा अभ्यास आणि पदार्थांचे रासायनिक विश्लेषण या सर्वांचा पाया अशा मापनांतून मिळणाऱ्या आकड्यांवर उभा आहे. भारतात या विषयाचे काम प्रामुख्याने मुंबई, कोलकाता व नवी दिल्ली येथे चालते. त्यांपैकी मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) व कुलाबा ही केंद्रे सर्वांत जुन्या केंद्रांमध्ये गणली जातात.

विक्रियेचे स्वरूप

प्रोटॉन हा हायड्रोजनाच्या अणूचे केंद्र असून त्यावर धन विद्युत् भार असतो. प्रत्येक अणुकेंद्रही धनभारित असल्याने दोहोंमध्ये प्रतिसारण होते. हे प्रतिसारण ओलांडून प्रोटॉन अणुकेंद्राच्या अगदी निकट गेला, तरच प्रबळ अशा अणुकेंद्रीय बलाचा प्रभाव सुरू होतो. या अडथळ्यास कूलॉम रोध असे म्हणतात. अणुकेंद्रातील प्रोटॉनांची संख्या जितकी अधिक, तितका हा रोध उंच असतो. लिथियमासाठी तो सुमारे १.२, तांब्यासाठी सुमारे ७ आणि सोन्यासाठी सुमारे १३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट भरतो. (दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट या एककास यापुढे एमईव्ही म्हटले आहे.)

अभिजात भौतिकीप्रमाणे रोधापेक्षा कमी ऊर्जेचा प्रोटॉन आत शिरणे अशक्य ठरते. तथापि पुंजयामिकीनुसार अशा प्रोटॉनासही रोध भेदून आत जाण्याची अल्पशी संभाव्यता असते. जॉर्ज गॅमो यांनी १९२८ मध्ये अल्फा किरणोत्सर्गाच्या संदर्भात हा विचार मांडला आणि पुढे तोच प्रोटॉनांच्या विक्रियांनाही लागू करण्यात आला. रोधाच्या खाली ऊर्जा थोडी जरी घटली तरी विक्रियेचे प्रमाण झपाट्याने कोसळते, त्यामुळे कमी ऊर्जेवरील मापने अत्यंत अवघड असतात.

प्रोटॉन अणुकेंद्रापर्यंत पोहोचल्यावर पुढील प्रकारच्या घटना संभवतात.

१. स्थितिस्थापक प्रकीर्णन : प्रोटॉनाची दिशा बदलते, परंतु अणुकेंद्र मूळ अवस्थेतच राहते.
२. अस्थितिस्थापक प्रकीर्णन : प्रोटॉन काही ऊर्जा अणुकेंद्रास देऊन निसटतो. उद्दीपित झालेले अणुकेंद्र ती ऊर्जा बहुधा गॅमा किरणांच्या रूपाने टाकते.
३. प्रग्रहण : प्रोटॉन अणुकेंद्रात सामावला जातो आणि केवळ गॅमा किरण बाहेर पडतात. अणुक्रमांक एकने वाढून नवे मूलद्रव्य तयार होते.
४. कणबदल : प्रोटॉन आत जाऊन त्याऐवजी न्यूट्रॉन, अल्फा कण किंवा अनेक कण बाहेर पडतात.
५. विखंडन व विदारण : जड अणुकेंद्र दुभंगते, किंवा फार मोठ्या ऊर्जेच्या प्रोटॉनामुळे त्याचे अनेक लहानमोठे तुकडे व न्यूट्रॉन उडतात.

बहुतेक कणबदल विक्रियांना काही किमान ऊर्जा लागते. तिला देहलीऊर्जा म्हणतात. लिथियम-७ वर प्रोटॉन आदळून बेरिलियम-७ व न्यूट्रॉन निर्माण होण्याच्या विक्रियेची देहलीऊर्जा सुमारे १.८८ एमईव्ही आहे. ती अत्यंत काटेकोरपणे ज्ञात असल्याने जगभरातील वेगवर्धकांची ऊर्जामापनपट्टी तिच्या आधारे तपासून घेतली जाते.

काटच्छेद

विक्रिया घडण्याची शक्यता ज्या राशीने व्यक्त करतात तिला काटच्छेद असे नाव आहे. येणाऱ्या प्रोटॉनाच्या दृष्टीने अणुकेंद्र जणू किती क्षेत्रफळाचे लक्ष्य आहे, असा तिचा ढोबळ अर्थ होतो. ही राशी क्षेत्रफळाच्याच एककात सांगतात. त्यासाठी बार्न हे एकक वापरतात. १ बार्न म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला एकावर २४ शून्ये असलेल्या संख्येने भागल्यावर येणारे क्षेत्रफळ होय. इंग्रजीत बार्न म्हणजे शेतावरचे धान्याचे मोठे कोठार. अणुकेंद्राच्या मानाने एवढे क्षेत्रफळ कोठाराएवढे अवाढव्य, असा विनोद दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील परड्यू विद्यापीठातील भौतिकीविज्ञांनी केला आणि तोच शब्द पुढे अधिकृत झाला. व्यवहारात बार्नचा हजारावा भाग, म्हणजे मिलिबार्न, हे एकक अधिक वापरात आहे.

काटच्छेद हा अणुकेंद्राच्या भूमितीय आकारावरच अवलंबून नसतो. तांब्याच्या अणुकेंद्राचे भूमितीय क्षेत्रफळ सुमारे ०.७ बार्न आहे. परंतु एखाद्या विशिष्ट विक्रियेचा काटच्छेद प्रोटॉनाच्या ऊर्जेनुसार शून्यापासून शेकडो मिलिबार्नपर्यंत बदलतो. काही ठरावीक ऊर्जांना तो एकाएकी उंचावतो, त्यास अनुस्पंदन म्हणतात. ॲल्युमिनियम-२७ मध्ये प्रोटॉन प्रग्रहणाचे असे एक अतिशय अरुंद अनुस्पंदन ०.९९२ एमईव्ही ऊर्जेस आढळते. म्हणून काटच्छेद एका आकड्याने न सांगता ऊर्जेनुसार बदलणाऱ्या वक्राने सांगावा लागतो. हा वक्र उद्दीपनफलन या नावाने ओळखला जातो. बाहेर पडणारे कण कोणत्या कोनात किती प्रमाणात जातात हे सांगणाऱ्या राशीस अवकल काटच्छेद म्हणतात.

इतिहास

अणुकेंद्राचे कृत्रिम रूपांतर प्रथम अर्नेस्ट रदरफर्ड यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी नायट्रोजनावर अल्फा कण सोडले असता हायड्रोजनाची केंद्रे बाहेर पडल्याचे आढळले. या केंद्रांस पुढे प्रोटॉन हे नाव मिळाले. नैसर्गिक अल्फा कणांची संख्या व ऊर्जा दोन्ही मर्यादित असल्याने प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या वेग दिलेल्या प्रोटॉनांची गरज भासू लागली.

केंब्रिज येथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जॉन कॉकक्रॉफ्ट व अर्नेस्ट वॉल्टन यांनी १४ एप्रिल १९३२ रोजी वेगवर्धित प्रोटॉनांनी लिथियम-७ च्या केंद्राचे दोन अल्फा कणांत विभाजन झाल्याचे पाहिले. या विक्रियेत सुमारे १७.३ एमईव्ही ऊर्जा मुक्त होते आणि ती दोन अल्फा कणांत विभागली जाते. विक्रियेपूर्वीचे व नंतरचे वस्तुमान यांतील फरक आणि मुक्त झालेली ऊर्जा यांचा मेळ बसल्याने आइन्स्टाइन यांच्या वस्तुमान-ऊर्जा समीकरणास थेट प्रायोगिक आधार मिळाला. या कार्याबद्दल दोघांना १९५१ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. याच सुमारास रॉबर्ट व्हॅन डी ग्राफ यांचे स्थिरविद्युत् जनित्र आणि अर्नेस्ट लॉरेन्स यांचे सायक्लोट्रॉन ही साधने अमेरिकेत विकसित झाली. लॉरेन्स यांना १९३९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

नील्स बोर यांनी १९३६ मध्ये संयुक्त अणुकेंद्राची कल्पना मांडली. तिच्यानुसार प्रोटॉन आत शिरल्यावर त्याची ऊर्जा सर्व घटककणांत वाटली जाते आणि काही काळाने, प्रोटॉन कोठून आला याची जणू विस्मृती होऊन, अणुकेंद्र क्षय पावते. ही कल्पना पारखण्यासाठी निरनिराळ्या ऊर्जांवरील पद्धतशीर मापनांची आवश्यकता निर्माण झाली आणि या शाखेस वेग आला.

महाराष्ट्रातील साधने

टाटा मूलभूत संशोधन संस्थेची स्थापना होमी भाभा यांच्या पुढाकाराने १९४५ मध्ये झाली. संस्थेत १९५० च्या दशकात कॉकक्रॉफ्ट-वॉल्टन पद्धतीचा १ एमईव्ही ऊर्जेचा वेगवर्धक कार्यान्वित झाला. त्यानंतर १९६० च्या दशकाच्या प्रारंभी तुर्भे येथील अणुऊर्जा आस्थापनेत (आजचे भाभा अणुसंशोधन केंद्र) ५.५ दशलक्ष व्होल्ट क्षमतेचा व्हॅन डी ग्राफ वेगवर्धक सुरू झाला. प्रोटॉनांच्या विक्रियांवर काम करणाऱ्या भारतीय संशोधकांच्या पहिल्या पिढीचे शिक्षण मोठ्या अंशी या यंत्रावर झाले. त्याचेच पुढे दुमडलेल्या द्विपद वेगवर्धकात, म्हणजे फोटिया या यंत्रात, रूपांतर करण्यात आले. फोटियाची पहिली शलाका एप्रिल २००० मध्ये मिळाली.

कुलाबा येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्र व ही संस्था यांच्या संयुक्त विद्यमाने १४ दशलक्ष व्होल्ट क्षमतेचा पेलेट्रॉन वेगवर्धक उभारण्यात आला. त्याचे उद्घाटन ३० डिसेंबर १९८८ रोजी झाले. हा वेगवर्धक उभ्या रचनेचा आहे. पोलादी नळकांड्या नायलॉनच्या दुव्यांनी जोडून केलेली साखळी सतत फिरत राहून मधल्या अग्राकडे विद्युत् भार वाहून नेते. या नळकांड्यांना इंग्रजीत पेलेट म्हणतात, त्यावरून यंत्रास पेलेट्रॉन हे नाव पडले. विद्युत् ठिणगी पडू नये म्हणून टाकीत सल्फर हेक्झाफ्लुओराइड हा निरोधक वायू दाबाखाली भरलेला असतो.

पेलेट्रॉनमध्ये प्रारंभी हायड्रोजनाचे ऋण आयन तयार करतात. धन विद्युत् भार असलेल्या मधल्या अग्राकडे ते ओढले जातात. तेथे कार्बनाच्या अतिपातळ पापुद्र्यातून जाताना त्यांचे दोन्ही इलेक्ट्रॉन निघून जातात आणि उरलेले प्रोटॉन त्याच अग्रापासून दूर ढकलले जातात. अशा रीतीने एकाच विद्युत् दाबाचा दोनदा लाभ होतो. त्यामुळे १४ दशलक्ष व्होल्ट दाबावर तत्त्वतः २८ एमईव्ही ऊर्जेचे प्रोटॉन मिळू शकतात. खाली येणारी शलाका ९० अंशांत वळवणारा विश्लेषक चुंबक केवळ इष्ट ऊर्जेचे कण पुढे सोडतो. पेलेट्रॉनला जोडलेला अतिसंवाहक रेषीय वेगवर्धक २००७ मध्ये उपयोगात आला. शिशाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या अनुस्पंदकांवर आधारलेले हे साधन देशातच विकसित करण्यात आले असून त्याचा उपयोग जड आयनांसाठी होतो.

मुंबईतील परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १६.५ एमईव्ही प्रोटॉन ऊर्जेचे वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ पासून चालू आहे. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर (नवी मुंबई) येथील ॲक्ट्रेक संस्थेत प्रोटॉन उपचारांस २०२३ मध्ये प्रारंभ झाला. तुर्भे येथे अल्प ऊर्जेच्या परंतु मोठ्या तीव्रतेच्या २० एमईव्ही प्रोटॉन वेगवर्धकाचीही उभारणी झाली आहे.

महाराष्ट्राबाहेर कोलकाता येथील परिवर्तनशील ऊर्जा सायक्लोट्रॉन १९७७ पासून, तर नवी दिल्ली येथील आंतरविद्यापीठ वेगवर्धक केंद्राचा पेलेट्रॉन १९९० च्या दशकाच्या प्रारंभापासून उपलब्ध आहे.

मापनाच्या पद्धती

सक्रियीकरण पद्धती

लक्ष्य म्हणून निवडलेल्या धातूचा पातळ पत्रा ठरावीक वेळ प्रोटॉन शलाकेत ठेवतात. विक्रियेतून किरणोत्सर्गी केंद्रे निर्माण झाल्यावर पत्रा बाहेर काढून अतिशुद्ध जर्मेनियमाच्या अभिज्ञातकासमोर ठेवतात. प्रत्येक किरणोत्सर्गी समस्थानिकातून ठरावीक ऊर्जेचेच गॅमा किरण निघत असल्याने गॅमा वर्णपटातील शिखरांवरून कोणता समस्थानिक निर्माण झाला हे कळते आणि शिखराच्या क्षेत्रफळावरून तो किती निर्माण झाला हे काढता येते. काही तास वा दिवस मोजणी चालू ठेवून क्षयाचा वेग पाहिला, की अर्धायुष्यावरून समस्थानिकाची ओळख पुन्हा पडताळता येते. बेरिलियम-७ चे अर्धायुष्य सुमारे ५३ दिवस असून त्याच्या गॅमा किरणांची ऊर्जा ०.४७८ एमईव्ही आहे. जस्त-६५ चे अर्धायुष्य सुमारे २४४ दिवस व गॅमा ऊर्जा १.११६ एमईव्ही आहे. या पद्धतीची मर्यादा अशी, की अंतिम केंद्र स्थिर असल्यास ती लागू पडत नाही.

पत्र्यांची चळत

एकाच प्रयोगात अनेक ऊर्जांवरचे काटच्छेद मिळावेत यासाठी पातळ पत्रे एकापाठोपाठ एक रचून त्यांची चळत शलाकेसमोर ठेवतात. प्रत्येक पत्र्यात प्रोटॉन थोडी ऊर्जा गमावतो. ०.०२५ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या पत्र्यातून जाताना १० एमईव्ही ऊर्जेचा प्रोटॉन सुमारे ०.६ एमईव्ही ऊर्जा गमावतो. त्यामुळे पुढचा प्रत्येक पत्रा मागच्यापेक्षा कमी ऊर्जेचे प्रोटॉन अनुभवतो. २० एमईव्ही ऊर्जेचे प्रोटॉनही तांब्यात एक मिलिमीटरच्या आतच थांबतात. चळतीच्या शेवटच्या पत्र्यांत प्रोटॉनांची ऊर्जा एकसारखी राहत नाही. ती पसरते, म्हणून तेथील निष्कर्ष अधिक अनिश्चित असतात.

तत्काळ गॅमा किरणांचे मापन

विक्रिया घडताक्षणी बाहेर पडणारे गॅमा किरण शलाका चालू असतानाच मोजले जातात. प्रग्रहण व अस्थितिस्थापक प्रकीर्णन यांसाठी ही पद्धत विशेष उपयोगी आहे.

कणांचे मापन

निर्वात कक्षात लक्ष्याभोवती निरनिराळ्या कोनांवर सिलिकॉनचे अभिज्ञातक बसवतात. पातळ अभिज्ञातकामागे जाड अभिज्ञातक ठेवल्यास पहिल्यात गमावलेली ऊर्जा व एकूण ऊर्जा यांच्या तुलनेवरून कण प्रोटॉन आहे, ड्यूटेरॉन आहे की अल्फा कण, हे ओळखता येते. न्यूट्रॉनावर विद्युत् भार नसल्याने त्याची ऊर्जा ठरावीक अंतर कापण्यास लागणाऱ्या कालावधीवरून काढतात.

उलट मांडणी

ज्या समस्थानिकाचे आयुष्य सेकंदाहूनही कमी आहे, त्याचे लक्ष्य बनवणे शक्य नसते. अशा वेळी त्या समस्थानिकाचीच शलाका तयार करून ती हायड्रोजनयुक्त लक्ष्यावर सोडतात. प्रोटॉन स्थिर व अणुकेंद्र गतिमान अशी ही मांडणी असली, तरी दोहोंमधील सापेक्ष वेग तोच असल्यास विक्रियाही तीच असते.

गणनेचे उदाहरण

तांब्याचा पत्रा ०.०२५ मिलिमीटर जाडीचा आहे, शलाकेचा प्रवाह १०० नॅनोअँपिअर आहे आणि जस्त-६५ निर्माण होण्याचा काटच्छेद २०० मिलिबार्न आहे, असे मानू. तांब्याची घनता प्रतिघन सेंटिमीटर ८.९६ ग्रॅम असल्याने पत्र्याच्या दर चौरस सेंटिमीटरमध्ये ०.०२२४ ग्रॅम तांबे, म्हणजे सुमारे २ वर २० शून्ये इतके अणू असतात. १०० नॅनोअँपिअर प्रवाहात दर सेकंदास सुमारे ६२,४०० कोटी प्रोटॉन येतात. अणूंची ही संख्या व काटच्छेद यांच्या गुणाकारावरून असे दिसते, की सुमारे २४ हजार प्रोटॉनांपैकी एकच प्रोटॉन ही विक्रिया घडवतो. उरलेले पत्र्यातून जवळजवळ निर्वेध पार होतात.

तरीही दर सेकंदास सुमारे अडीच कोटींहून अधिक जस्त-६५ केंद्रे तयार होतात. तासाभराच्या प्रारणनानंतर त्यांची संख्या सुमारे ९,५०० कोटी होते. अर्धायुष्य दीर्घ असल्याने त्यांपैकी दर सेकंदास केवळ तीन हजारांच्या आसपास केंद्रे क्षय पावतात. त्यांतील निम्म्या क्षयांतच १.११६ एमईव्ही ऊर्जेचा गॅमा किरण निघतो आणि अभिज्ञातकाची कार्यक्षमता १ टक्का असल्यास दर सेकंदास सुमारे १५ किरणांचीच नोंद होते. तासाभरात जमलेल्या अंदाजे ५५ हजार नोंदींची सांख्यिकीय अनिश्चितता अर्ध्या टक्क्याहून कमी भरते. प्रत्यक्षात अंतिम काटच्छेदाची अनिश्चितता मात्र बहुधा कित्येक टक्के असते. तिचे कारण पुढील विभागात दिले आहे.

अचूकता व त्रुटी

काटच्छेदाच्या मापनात मोजणीची सांख्यिकीय अनिश्चितता हा एकच घटक नसतो. पुढील घटकही विचारात घ्यावे लागतात.

पत्र्याची जाडी : पत्र्याचे वजन व क्षेत्रफळ मोजून सरासरी जाडी काढतात, परंतु लाटलेला पत्रा सर्वत्र सारख्या जाडीचा असतोच असे नाही.

शलाकेचा प्रवाह : प्रोटॉन फॅराडे पेल्यात गोळा करून एकूण विद्युत् भार मोजतात. पेल्यातून इलेक्ट्रॉन निसटल्यास मोजलेला भार चुकतो. म्हणून चळतीत काटच्छेद आधीच नीट ज्ञात असलेल्या धातूंचे पत्रे मिसळतात. त्यांना निरीक्षक विक्रिया म्हणतात. तांबे, टायटॅनियम, निकेल व ॲल्युमिनियम यांवरील निवडक विक्रियांचे शिफारस केलेले काटच्छेद आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने या कामासाठी प्रसिद्ध केले आहेत.

अभिज्ञातकाची कार्यक्षमता : युरोपियम-१५२, बेरियम-१३३, कोबाल्ट-६० यांसारख्या प्रमाणित स्रोतांच्या साहाय्याने ती निश्चित करतात. स्रोत अभिज्ञातकाच्या फार जवळ ठेवल्यास दोन गॅमा किरण एकाच वेळी नोंदले जाऊन मोजणी चुकते, यासाठी दुरुस्ती करावी लागते.

दुय्यम न्यूट्रॉन : प्रोटॉनांच्या विक्रियांतून निघालेले न्यूट्रॉनही पत्र्यांत विक्रिया घडवतात. त्यांचा वाटा वजा न केल्यास काटच्छेद खोटा वाढतो.

क्षयविषयक माहिती : अर्धायुष्य व दर क्षयामागे निघणाऱ्या गॅमा किरणांचे प्रमाण हे आकडे प्रयोगकर्त्यास इतरांच्या मापनांतून घ्यावे लागतात. ते पुढे सुधारले गेल्यास जुना काटच्छेदही त्या प्रमाणात दुरुस्त करावा लागतो. त्यासाठी प्रयोगनिबंधात वापरलेले मूळ आकडे देणे आवश्यक मानले जाते.

एकाच पत्र्याची जाडी किंवा एकच अभिज्ञातक सर्व ऊर्जांसाठी वापरला असेल, तर तेथील चूक सर्व निष्कर्षांत एकाच दिशेने शिरते. अशा परस्परसंबद्ध अनिश्चिततांची सारणी स्वतंत्रपणे देण्याची पद्धत रूढ झाली आहे.

सिद्धान्ताशी तुलना

प्रत्येक समस्थानिकाचा प्रत्येक ऊर्जेवरील काटच्छेद मोजणे अशक्य आहे. मोजलेल्या बिंदूंमधील व त्यांपलीकडील किमती सैद्धान्तिक प्रतिमानांवरून काढतात. प्रकाशीय प्रतिमानात अणुकेंद्रास अंशतः शोषक अशा धूसर गोलासारखे मानतात. संयुक्त अणुकेंद्राच्या क्षयाचे गणित वॉल्टर हाउझर व हर्मन फेशबाख यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या सांख्यिकीय सूत्राने करतात. ऊर्जा वाटली जाण्यापूर्वीच कण निसटण्याची क्रिया, म्हणजे समतोलपूर्व उत्सर्जन, वाढत्या ऊर्जेबरोबर महत्त्वाची होत जाते. टॅलिस व एम्पायर या संगणकप्रणालींत ही सर्व प्रतिमाने एकत्र केलेली आहेत. मोजमाप व गणित यांत तफावत आढळल्यास प्रतिमानातील घटक पुन्हा तपासले जातात.

उपयोग

वैद्यकीय समस्थानिक

पॉझिट्रॉन उत्सर्जन चित्रणासाठी लागणारे फ्लुओरीन-१८ हे ऑक्सिजन-१८ वर प्रोटॉन आदळवून तयार करतात. नैसर्गिक ऑक्सिजनात ऑक्सिजन-१८ चे प्रमाण केवळ ०.२ टक्क्यांच्या आसपास असल्याने समृद्ध केलेले महागडे पाणी लक्ष्य म्हणून वापरावे लागते. पाण्यात ऑक्सिजन-१६ उरल्यास त्यापासून नायट्रोजन-१३ निर्माण होते. कोणत्या ऊर्जेस इष्ट समस्थानिक जास्तीत जास्त आणि अनिष्ट समस्थानिक कमीत कमी मिळेल, हे उद्दीपनफलनांवरूनच ठरते.

फ्लुओरीन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे आहे. त्यामुळे औषध ज्या गावी बनते तेथून ते फार दूर नेता येत नाही. मुंबईहून सांगली जिल्ह्यातील शिराळ्यापर्यंतच्या रस्त्याच्या प्रवासास सात तास लागतात असे धरल्यास, पोहोचेपर्यंत मूळ मात्रेचा जेमतेम चौदावा भाग उरेल. अशा चित्रणाची सोय निमशहरी व ग्रामीण भागांत पोहोचण्यासाठी जवळपास सायक्लोट्रॉन असणे किंवा अधिक आयुष्याचे पर्यायी समस्थानिक शोधणे हे दोनच मार्ग राहतात. दुसऱ्या मार्गासाठी नव्या विक्रियांचे काटच्छेद मोजणे अपरिहार्य ठरते.

प्रोटॉन उपचार

शरीरात शिरलेला प्रोटॉन आपली बरीचशी ऊर्जा मार्गाच्या शेवटी टाकतो. याला ब्रॅग शिखर म्हणतात. २३० एमईव्ही ऊर्जेचा प्रोटॉन पाण्यात सुमारे ३३ सेंटिमीटर खोल जातो. शिखर अर्बुदावर आणल्यास त्यापलीकडील निरोगी ऊतींना फारशी इजा होत नाही. मात्र पाण्यासारख्या ऊतीत दर सेंटिमीटरमागे सुमारे एक टक्का प्रोटॉन अणुकेंद्रीय विक्रियांमुळे शलाकेतून गळतात आणि त्यांतून निघालेले दुय्यम कण इतरत्र मात्रा देतात. खोलवरच्या अर्बुदासाठी ही गळती मोठी असते. ती मात्रेच्या गणितात धरली नाही, तर रुग्णास योजलेल्यापेक्षा वेगळी मात्रा मिळेल.

याच विक्रियांचा एक उपयोगही होतो. शरीरातील कार्बन व ऑक्सिजन यांपासून कार्बन-११ (अर्धायुष्य सुमारे २० मिनिटे) व ऑक्सिजन-१५ (सुमारे २ मिनिटे) तयार होतात. त्यांच्या उत्सर्जनावरून, तसेच कार्बन-१२ मधून तत्काळ निघणाऱ्या ४.४४ एमईव्ही गॅमा किरणांवरून, शलाका शरीरात नेमकी कोठवर पोहोचली हे बाहेरून पडताळण्याचे तंत्र विकसित होत आहे. त्याचे यशही मोजलेल्या काटच्छेदांच्या अचूकतेवर अवलंबून आहे.

अणुऊर्जा व थोरियम

भारतात थोरियमाचे साठे विपुल आहेत. थोरियम-२३२ न्यूट्रॉन शोषून थोरियम-२३३, त्यापासून प्रोटॅक्टिनियम-२३३ (अर्धायुष्य सुमारे २७ दिवस) आणि अखेर विखंडनक्षम युरेनियम-२३३ तयार होते. या साखळीतील न्यूट्रॉन विक्रियांच्या मापनासाठी न्यूट्रॉन लागतात. कुलाब्याच्या पेलेट्रॉनवर लिथियमाच्या लक्ष्यावर प्रोटॉन सोडून असे न्यूट्रॉन मिळवले जातात आणि थोरियमाचे न्यूट्रॉन प्रग्रहण याच रीतीने मोजण्यात आले आहे. प्रोटॅक्टिनियम-२३३ अल्पायुषी असल्याने त्याचे लक्ष्य बनवणे कठीण आहे. म्हणून थोरियमावर लिथियम-६ आयन सोडून तेच संयुक्त अणुकेंद्र वेगळ्या मार्गाने घडवण्याची पर्यायी विक्रियेची पद्धत मुंबईच्या संशोधकांनी वापरली आणि तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध केले.

वेगवर्धकचलित उपक्रांतिक अणुभट्टीच्या कल्पनेत सुमारे १,००० एमईव्ही ऊर्जेचा प्रोटॉन शिशासारख्या जड धातूवर आदळून वीस किंवा अधिक न्यूट्रॉन मुक्त करतो. वेगवर्धक बंद करताच न्यूट्रॉनांचा पुरवठा थांबून साखळी विझते. अशा लक्ष्यात कोणते किरणोत्सर्गी पदार्थ साठतील याचा अंदाज प्रोटॉन विक्रियांच्या काटच्छेदांवरून बांधतात. लक्ष्यात बिस्मथ असल्यास पोलोनियमाचे समस्थानिकही निर्माण होतात आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यांची दखल घ्यावी लागते.

ताऱ्यांतील विक्रिया

सूर्याच्या गाभ्यात तापमान सुमारे दीड कोटी केल्व्हिन असते. त्या तापमानास प्रोटॉनांची ऊर्जा कूलॉम रोधाच्या मानाने फारच कमी असून विक्रिया रोधभेदनानेच घडतात. बेरिलियम-७ च्या प्रोटॉन प्रग्रहणातून बोरॉन-८ तयार होते आणि त्याच्या क्षयातून निघणारे न्यूट्रिनो पृथ्वीवर मोजले जातात. त्या न्यूट्रिनोंच्या संख्येचा अर्थ लावण्यासाठी या विक्रियेचा काटच्छेद माहीत असावा लागतो. इतक्या कमी ऊर्जेवरील दुर्मीळ घटना वैश्विक किरणांच्या गोंगाटात हरवू नयेत म्हणून इटलीतील ग्रान सासो पर्वताखाली भूमिगत वेगवर्धक बसवलेला आहे. भारतात कोलकात्याच्या साहा अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेने या विषयासाठी फ्रेना हा वेगवर्धक उभारला आहे.

पदार्थविश्लेषण

काटच्छेद ज्ञात असल्यास उलट दिशेने विचार करून नमुन्यातील मूलद्रव्याचे प्रमाण काढता येते. सुमारे ४ एमईव्ही ऊर्जेच्या प्रोटॉनांमुळे लिथियमातून ०.४७८, बोरॉन-१० पासून ०.४२९, सोडियमातून ०.४४० आणि फ्लुओरीनमधून ०.११० व ०.१९७ एमईव्ही ऊर्जेचे गॅमा किरण निघतात. काच, चिनी माती, बोरॉन कार्बाइड अशा विरघळण्यास कठीण पदार्थांतील हलकी मूलद्रव्ये नमुना न नासवता मोजण्यासाठी तुर्भे येथील फोटियावर ही पद्धत वापरली जाते.

माहितीचे संकलन

निरनिराळ्या देशांत झालेली मापने एक्सफॉर या आंतरराष्ट्रीय संग्रहात एका ठरावीक नमुन्यात साठवली जातात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या समन्वयाखाली विविध देशांतील केंद्रे हे काम वाटून घेतात. भारतातर्फे मुंबईतील अणुकेंद्रीय माहिती भौतिकी केंद्र त्यात सहभागी असून विद्यापीठांतील अध्यापक व विद्यार्थी यांच्या कार्यशाळांतून भारतीय मापनांच्या नोंदी केल्या जातात. केवळ आलेखरूपात छापलेले आकडे काळाच्या ओघात निरुपयोगी होतात. मूळ संख्या, निरीक्षक विक्रिया व अनिश्चितता यांसह केलेली नोंद मात्र दशकांनंतरही नव्याने तपासता येते. त्यामुळे मापनाइतकेच त्याच्या नोंदीलाही महत्त्व दिले जाते.

मराठी परिभाषा

या विषयावरील मराठी लेखनात अणुकेंद्र, विक्रिया, समस्थानिक, अर्धायुष्य, अभिज्ञातक व वेगवर्धक हे शब्द वापरले जातात. सातारा जिल्ह्यातील वाई येथून निघालेल्या मराठी विश्वकोशाने शास्त्रीय परिभाषा रुळवण्यात मोठी कामगिरी केली. विक्रिया हा शब्द रासायनिक बदलांसाठीही वापरला जात असल्याने अणुकेंद्रीय हे विशेषण जोडणे इष्ट असते. कारण रासायनिक विक्रियेत मूलद्रव्य तेच राहते, तर अणुकेंद्रीय विक्रियेत ते बदलू शकते. प्रोटॉन, न्यूट्रॉन, सायक्लोट्रॉन, बार्न इत्यादी आंतरराष्ट्रीय संज्ञा देवनागरीत जशाच्या तशा लिहिण्याचा प्रघात आहे.

हे सुद्धा पहा

अणुकेंद्र
कणवेगवर्धक
किरणोत्सर्ग
टाटा मूलभूत संशोधन संस्था
भाभा अणुसंशोधन केंद्र
थोरियम
सायक्लोट्रॉन